झाड कोणतं, भाऊ?

पर्यावरणावरचं पथनाट्य म्हटलं की काय आठवतं? काळे टी-शर्ट, डफ आणि 'झाडे लावा, झाडे जगवा'! पण या सगळ्याचे पैसे कोण देतं? कशासाठी देतं? आणि ४५ अंशांत भाजणाऱ्या खान्देशात त्याने काही हलतं का? जळगाव-धुळ्याकडचा हा थोडा हिशेब, थोड्या आठवणी...

मी एकदा झाड झालो होतो.

हसू नका. कॉलेजात एनएसएस केलेल्या प्रत्येकाने एकदा तरी झाड, नदी किंवा दारुडा यांपैकी काहीतरी केलेलं असतंच. उंच पोराला झाड मिळतं, गोड गळ्याच्या पोरीला नदी आणि ज्याला खरंच अॅक्टिंग येते त्याला दारुडा. मी उंच होतो. विषय संपला.

धुळे जिल्ह्यातल्या एका लहानशा गावात आमचं सात दिवसांचं हिवाळी शिबिर होतं. दिवसा नाल्यावर दगड रचायचे, रात्री मारुतीच्या पारासमोर 'प्रबोधन'. माझ्या दोन्ही हातांत पुठ्ठ्याच्या फांद्या, डोक्यावर क्रेप पेपरची पानं. लाकूडतोड्या येणार, मी थरथरणार, नदी रडणार, मग सगळे मिळून घोषणा देणार. वीस मिनिटांचा खेळ. टाळ्या सॉलिड पडल्या. पहिल्या रांगेत घोंगडी पांघरून बसलेले एक आजोबा उठले, जवळ आले, माझ्या फांदीला हात लावून त्यांनी विचारलं, "हाई झाड कोन्तं शे, भाऊ?"

मी टोटल ब्लँक. सरांनी संहिता दिली होती, तिच्यात नुसतं 'झाड' लिहिलं होतं. लिंब, पळस, बाभूळ, अंजन... काहीच ठरलं नव्हतं. "झाड म्हणजे... झाडच, बाबा," मी म्हणालो. आजोबांनी मान हलवली आणि ते बिडी पेटवून घराकडे निघून गेले.

त्याला आता बरीच वर्षं झाली. त्या ग्रुपमधले निम्मे पुण्यात, चारदोन मुंबईत, एक जण बंगळूरला. दिवाळीला आणि भरीत पार्टीच्या सीझनला सगळे महाराष्ट्र एक्स्प्रेसमध्ये भेटतात. मागच्या उन्हाळ्यात घरी गेलो तर भर चौकात पुन्हा तोच सीन. डफ, घोळका, आणि मधोमध पुठ्ठ्याच्या फांद्या घेतलेला एक उंच पोरगा. मागे बॅनर, बॅनरवर सरकारी योजनेचं नाव. पानं क्रेप पेपरऐवजी प्लास्टिकची होती, एवढीच काय ती प्रगती!

तेव्हा पहिल्यांदा डोक्यात आलं, की बॉस, हे झाड इतकी वर्षं जगलंय कसं? याला पाणी कोण घालतं?

सुपारी सरकारची

तमाशाच्या धंद्यात खेळाच्या बुकिंगला सुपारी म्हणतात. पर्यावरणाच्या पथनाट्याची सुपारी बहुतेक वेळा सरकारकडूनच येते. म्हणजे तुमच्या-आमच्या करातून.

गंमत बघा. १९५४ हे साल या बाबतीत भलतंच महत्त्वाचं. त्या वर्षी केंद्राने 'गीत व नाटक विभाग' काढला. गावोगावी शाहीर, कलापथकं, कठपुतळीवाले पाठवून सरकारी योजना लोकांपर्यंत न्यायच्या, हे त्याचं काम. २०१७च्या डिसेंबरमध्ये तो इतर प्रचार विभागांत विलीन झाला आणि आज हे काम केंद्रीय संचार ब्युरो या नावाखाली चालतं. त्याच १९५४ मध्ये तेव्हाच्या मुंबई राज्यात हौशी कलावंतांसाठी राज्य नाट्यस्पर्धा सुरू झाली, जी आजही जळगाव केंद्रावर रंगते. आणि म्हाताऱ्या कलावंतांना मानधन द्यायची योजनाही त्याच सुमाराची, १९५४-५५ची. एका झटक्यात तीन नळ! पहिल्या नळाचं पाणी निरोप पोचवण्यासाठी, दुसऱ्याचं हौस भागवण्यासाठी, तिसऱ्याचं उतारवयातल्या औषधपाण्यासाठी.

पर्यावरण या विषयाला पैसा मिळतो तो जवळजवळ सगळा पहिल्या नळातून. १९८६ मध्ये केंद्राच्या पर्यावरण खात्याने राष्ट्रीय पर्यावरण जागृती मोहीम सुरू केली. संस्थांना, कॉलेजांना छोटी-छोटी अनुदानं मिळायची. त्यातून पदयात्रा, पोस्टर स्पर्धा, पथनाट्यं व्हायची. २००१ मध्ये शाळांसाठी राष्ट्रीय हरित सेना आली. सुरुवातीला एका शाळेला वर्षाला एक हजार रुपये मिळायचे. एक हजार! त्यात वर्षभराचं पर्यावरण बसवायचं. आपल्या शाळेच्या भिंतीवरची ती निळी पृथ्वी आणि तिला पकडणारे दोन हात आठवतात? ते अशाच बजेटमध्ये रंगलेले असत. ऑइल पेंट महाग म्हणून डिस्टेंपर, आणि दुसऱ्या पावसात पृथ्वी साफ.

मग २०१९ मध्ये हवा शुद्धीकरणाचा राष्ट्रीय कार्यक्रम आला. त्याच्या यादीत जळगाव शहर आहे, धुळे नाही. २ ऑक्टोबर २०२०ला राज्याने 'माझी वसुंधरा' अभियान काढलं. ग्रामपंचायतींपासून महापालिकांपर्यंत सगळ्यांची आपापसांत स्पर्धा, आणि वरच्या नंबरांना कोटींतली बक्षिसं. मार्क पंचमहाभूतांवर. पृथ्वी म्हणजे झाडं आणि कचरा, वायू म्हणजे प्रदूषण, जल म्हणजे पाणी, अग्नी म्हणजे ऊर्जा. आणि आकाश? आकाश म्हणजे जनजागृती! पथनाट्य, भिंतीवरची चित्रं, शपथा, रॅल्या हे सगळं आकाशात. कलेला सरकारदरबारी इतकी उंच जागा याआधी कधी मिळाली नसेल. पाय टेकायला जमीन तेवढी नाही.

विनोद सोडा. यंत्रणा कशी चालते ते समजून घेण्यासारखं आहे. मोठ्या सरकारी योजनेत प्रचाराचा एक हिस्सा राखलेला असतो. सरकारी भाषेत 'आयईसी', म्हणजे माहिती, शिक्षण आणि संवाद. जिल्हा माहिती कार्यालय लोककला आणि पथनाट्य पथकांची निवडसूची करतं. पथकाने अर्ज करायचा, आपला खेळ करून दाखवायचा, यादीत नाव लागलं की इतक्या गावांत इतके प्रयोग. विषय ठरलेला, मुद्दे छापील मिळतात, प्रयोगामागे ठरावीक रक्कम. प्रयोग झाला की बॅनरसकट फोटो आणि ग्रामपंचायतीचा दाखला जोडायचा, मग बिल. ते निघेपर्यंत टेम्पोचं भाडं आणि पोरांचा वडापाव पथकप्रमुखाच्या खिशातून.

मी या पथकांना नावं ठेवणार नाही. खान्देशात वर्षातले आठ महिने हाताला खेळ नसलेल्या कलावंताला ही सुपारी म्हणजे घरातलं तेल-मीठ असते. दिवसाला तीन-तीन गावं, भर उन्हात, माइकशिवाय. करून बघा एकदा. पण इतक्या वर्षांत या पैशातून नवं काय उभं राहिलं, असं विचारलं तर उत्तर कठीण आहे. कारण पैसा प्रयोगाचा मिळतो. प्रयोगाआधीच्या महिन्याचा मिळत नाही. त्या महिन्यात गावात फिरता आलं असतं, लोकांशी बोलता आलं असतं, आपलं झाड कोणतं ते ठरवता आलं असतं.

केळीवाल्याला काय शिकवणार?

रावेर, यावल, चोपड्याच्या पट्ट्यात जाऊन बघा. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये जीआय मानांकन मिळालं. इथल्या शेतकऱ्याला हवामानबदलावर लेक्चर द्यायला जाणं म्हणजे मासळीला पोहायला शिकवणं. कारण त्याच्या फळपीक विम्याचा हिशेबच हवामानावर चालतो. त्याच्या मंडळातलं तापमान उन्हाळ्यात सलग काही दिवस ठरावीक अंशांच्या वर गेलं किंवा थंडीत ठरावीक अंशांच्या खाली घसरलं, तर भरपाई लागू. म्हणून मंडळातल्या हवामान केंद्राचा आकडा तो शेअर बाजारासारखा बघतो. आपण मोबाइलवर ४४ बघतो आणि 'उफ्फ' करून एसी एक अंशाने कमी करतो. तो ४४ बघतो आणि दिवस मोजतो. मे-जूनमध्ये वादळ आलं की एका रात्रीत बागच्या बाग आडवी, घडांसकट. हे सगळं ज्याने पाहिलंय, त्याच्यासमोर आपण जायचं आणि पुठ्ठ्याच्या फांद्या हलवत सांगायचं की काका, तापमान वाढतंय हं!

पथनाट्य इथे फसतं. निरोप खोटा आहे म्हणून फसतं असं मुळीच नाही. तो ऐकणाऱ्याला आधीच पाठ आहे. त्याला जे विचारायचंय ते संहितेत नसतं. बाग काढून दुसरं काय लावू? विम्याचा आकडा माझ्या शेताचा की दहा किलोमीटरवरच्या यंत्राचा? बोअर आणखी खाली नेऊ की थांबू? एखादं नाटक हे प्रश्न नुसते ऐकवू शकलं तरी पार गच्च भरेल. पण या प्रश्नांची बाजू कोणत्याच योजनेच्या बॅनरवर मावत नाही.

चिमणी, पंखे आणि विखरण

कोळसा आणि वाऱ्यावरची वीज, दोन्ही एका जिल्ह्याच्या अंतरात बघायची असतील तर खान्देशासारखी जागा नाही. भुसावळ सोडून गाडी नागपूरकडे निघाली की दीपनगरच्या औष्णिक केंद्राच्या चिमण्या दिसतात. उलट्या दिशेला, धुळे जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला साक्रीच्या पठारावर जा, तर ब्राह्मणवेलच्या डोंगरांवर पवनचक्क्यांची रांगच रांग. त्याच साक्री तालुक्यात शिवाजीनगरला महानिर्मितीचा १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प २०१३ मध्ये उभा राहिला. फोटोसाठी फुल टू झकास लोकेशन! प्री-वेडिंगवाले तिथपर्यंत पोचलेत म्हणे.

पण याच जिल्ह्यात शिंदखेडा तालुक्यात विखरण नावाचं गाव आहे. तिथले धर्मा पाटील हे ८४ वर्षांचे शेतकरी २०१८च्या जानेवारीत मंत्रालयात गेले. वीजप्रकल्पासाठी घेतलेल्या, पुढे सौर प्रकल्पाशी जोडल्या गेलेल्या त्यांच्या जमिनीचा योग्य मोबदला मिळावा म्हणून ते खेटे घालत होते. मंत्रालयातच त्यांनी विष घेतलं आणि २८ जानेवारीला मुंबईत त्यांचं निधन झालं. स्वच्छ ऊर्जा हवीच, त्यात वाद नाही. पण ती कोणाच्या जमिनीवर, कोणत्या भावाने, आणि सही करण्याआधी त्याला नीट समजावून कोणी सांगितलं का? हवामानबदलावरचं खान्देशी नाटक लिहायचं ठरलं तर मला यापेक्षा मोठा विषय दिसत नाही. आणि सरकारी प्रचाराच्या पैशातून हा विषय येणं जवळजवळ अशक्य आहे.

इथे कोणी म्हणेल, सरकार स्वतःवरच्या टीकेला पैसे कशाला देईल? प्रश्न रास्त आहे. पण दुसरा नळ आठवा, राज्य नाट्यस्पर्धा. तिथे सरकारच पैसे खर्च करतं, आणि विषय मात्र कलावंत ठरवतो. परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं हे खरं, पण 'या योजनेचा प्रचार करा' असं कोणी सांगत नाही. सत्तर वर्षं हे चाललंय, त्यातून मराठी रंगभूमीला पिढ्यान्‌पिढ्या माणसं मिळाली. म्हणजे पैसे द्यायचे आणि तोंडात शब्द कोंबायचे नाहीत, हे सरकारला जमतं. फक्त तिथला प्रेक्षक नाट्यगृहात येतो, पारावर बसत नाही.

भाजीचं नाव काय?

आता एक वेगळीच स्टोरी. धुळ्याहून निघा, साक्री मागे टाका, पिंपळनेर मागे टाका. गुजरातच्या सीमेजवळ डोंगरात बारीपाडा नावाचं आदिवासी गाव लागतं. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला इथले डोंगर उघडेबोडके होते. पाणी नाही, सरपणासाठी लांबची पायपीट, हंगाम संपला की कामासाठी स्थलांतर. गावातला चैत्राम पवार हा तरुण शहरात कॉमर्स शिकून परत आला. हातात पदव्युत्तर डिग्री. आपल्यातला कोणीही असता तर बँकेचे फॉर्म भरत बसला असता. त्याने वनवासी कल्याण आश्रमाच्या साथीने गावाला जंगल राखायला लावलं. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, मोडणाऱ्याला गावाचा दंड. आज साडेचारशे हेक्टरांच्या आसपास जंगल हे गाव सांभाळतं. विहिरींना पाणी आहे. २०२५ मध्ये चैत्राम पवारांना पद्मश्री मिळाली.

ही यशोगाथा तुम्ही वाचली असेल. मला त्यातला एकच तुकडा इथे हवाय. २००४ पासून बारीपाड्यात वनभाज्यांची पाककला स्पर्धा होते. गावोगावच्या बायका रानातली भाजी खुडून आणतात, शिजवतात, मांडतात. शिजवलेल्या भाजीशेजारी कच्ची भाजी, आणि बाईला तिची माहिती सांगता आली पाहिजे. नाव काय, कुठे उगवते, कधी खुडायची, कोणत्या दुखण्याला चालते. कर्टुली, कुरडू, टाकळा, भारंगी, बांबूचे कोंब... आपल्याला जिथे नुसतं 'गवत' दिसतं तिथे या बायकांना पन्नास नावं दिसतात. आणि जंगल टिकलं तरच पुढच्या वर्षी स्पर्धेत मांडायला भाजी मिळणार, हे कोणाला घोषणा देऊन सांगावं लागत नाही.

याला कला म्हणायचं का? मी तर म्हणेन, शंभर टक्के. मांडणी आहे, सादरीकरण आहे, परीक्षक आहेत, प्रेक्षक आहेत, आणि सादर करणारी बाई आपल्या विषयाची मास्टर आहे. माझ्या त्या झाडाच्या नेमकं उलट!

पुढे २०२० मध्ये राज्याच्या कृषी विभागाने ९ ऑगस्टच्या आदिवासी दिनाला जोडून जिल्ह्याजिल्ह्यांत रानभाजी महोत्सव सुरू केले. म्हणजे बारीपाड्यानंतर तब्बल सोळा वर्षांनी सरकारी पैसा त्याच वाटेवर आला. चांगलंच झालं. शहरातल्या माणसाला कर्टुली बघायला मिळते, बाईच्या हातात चार पैसे पडतात. पण शहरातल्या हॉलमध्ये टेबलावर मांडलेली भाजी आणि जंगलाच्या कडेला मांडलेली भाजी यांत फरक पडतोच. हॉलमध्ये भाजी दिसते, ती जिथे उगवते ती जागा मागेच राहते. माझ्या हातात पैसे असते तर मी महोत्सवाचा मांडव लहान केला असता आणि शहरातल्या लोकांसाठी बारीपाड्याकडे एसटी सोडली असती.

कवी, आमदार आणि झुमका

खान्देशाला निसर्गावर बोलायला बाहेरून माणूस आणावा लागत नाही, हे वेगळं सांगायला नको. बालकवी धरणगावचे. बहिणाबाई चौधरी आसोद्याच्या. लिहिता-वाचता न येणारी शेतकरीण, जिच्या कविता तिच्या मृत्यूनंतर, १९५२ मध्ये आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने पुस्तकात आल्या आणि जिचं नाव २०१८ पासून जळगावच्या विद्यापीठाला आहे. आणि अजिंठ्याच्या पायथ्याच्या पळसखेड्याचे ना. धों. महानोर. महानोरांचं उदाहरण इथे फार इंटरेस्टिंग आहे. १९७८ मध्ये ते विधान परिषदेवर नियुक्त झाले. कवी सभागृहात बसून पाणी अडवण्यावर, फळबागांवर बोलू लागला. गाणं म्हणायला नेलेल्या माणसाने बजेटवर तोंड उघडलं! कलावंतावर खर्च केलेला सरकारी पैसा असाही कामाला येतो. २०२३च्या ऑगस्टमध्ये महानोर गेले.

आणि आजची पिढी? तिने सरकारची वाट पाहणं केव्हाच सोडलंय. 'हाई झुमका वाली पोर' माहीत नसेल असा माणूस शोधून दाखवा. अहिराणीतलं गाणं, यूट्यूबवर कोटींनी व्ह्यूज, अनुदान शून्य. म्हणजे भाषा आहे, ठेका आहे, कॅमेरा आहे, प्रेक्षक तर तुडुंब आहे. आखाजीची झोक्यावरची गाणी आहेत, भुलाबाई आहे, कथा गात-गात पुढे नेणारं वहीगायन आहे. या मंडळींपैकी कोणाला तरी तीन महिने निवांत देऊन सांगितलं असतं, की गिरणा-पांझरेच्या काठाने फिर आणि मग काय सुचेल ते कर, तर काय झालं असतं? अजून कोणी तसं सांगितल्याचं माझ्या कानावर नाही.

कचऱ्याच्या ढिगावर आर्टिस्ट

असं सांगणारं सरकार जगात कुठे आहे का? आहे. आयर्लंडने २०२१ मध्ये खास हवामानकृतीसाठी कलाप्रकल्पांना पैसे द्यायचा एक निधी काढला. पहिल्या फेरीला साधारण वीस लाख युरो. सांस्कृतिक आणि पर्यावरण या दोन्ही बाजूंनी त्यात हात घातला. अट मोठी झकास: कलावंताने एकट्याने अर्ज करायचा नाही; स्थानिक लोक, नगरपालिका, शास्त्रज्ञ यांच्याबरोबर करायचा. कॉर्क शहरात जुन्या कचराडेपोवर बाग केलेली होती. तिथे दोन कलावंतांनी लोकांना गोळा करून दीर्घकाळ काम केलं. आपण टाकलेल्या कचऱ्याच्या डोंगरावर उभं राहून आता या जागेशी आपलं नातं काय, हे शोधायचं. नुसती घोषणा देऊन घरी जायचं नाही. इंग्लंडच्या आर्ट्स कौन्सिलने तर २०१२ पासूनच आपल्या मोठ्या अनुदानित नाट्यगृहांना आणि संग्रहालयांना विजेचा, इंधनाचा हिशेब द्यायला लावलंय.

लगेच 'तिकडचं सगळं भारी' असं म्हणायची गरज नाही. आयर्लंडची लोकसंख्या आपल्या जळगाव आणि धुळे जिल्ह्यांच्या बेरजेहून थोडीच कमी आणि खिसा मात्र कैक पटींनी मोठा. पण कल्पना उचलायला युरो लागत नाहीत. जळगाव महापालिकेचा घनकचरा प्रकल्प आव्हाणे शिवारात आहे. तिथे शहराने काय काय टाकलंय याचं नाटक, फोटो प्रदर्शन, वहीगायन, काहीही करता येईल. आकाशाचे मार्क आहेतच, थोडे जमिनीवर आणायचे!

मग आपण काय करायचं?

हा प्रश्न तुम्ही विचारणार हे माहीत होतं. तुमच्यापैकी बरेच जण कॉलेजात युवारंग गाजवून आलेत. कोणाचं स्किट, कोणाचं मूकनाट्य, कोणाचं इन्स्टॉलेशन. आता वीकएंडला ट्रेकिंग करता आणि बाकीचे दिवस एक्सेल. तर ऐका, दोन दारं किलकिली आहेत.

केंद्राच्या संस्कृती मंत्रालयाची ज्युनिअर फेलोशिप आहे. वय २५ ते ४०, दरमहा दहा हजार रुपये, दोन वर्षं. एकूण दोन लाख चाळीस हजार. चाळिशी ओलांडली असेल तर सीनिअर फेलोशिप, दरमहा वीस हजार. पुण्यात एका बेडरूमचं भाडंही दहा हजारांत भागत नाही, मान्य. पण जळगावात घरी राहून, अर्धवेळ नोकरी करून दोन वर्षं एक विषय खोदायला हे पैसे पुरतात. आणि मुख्य म्हणजे हा पैसा वेळेचा आहे. प्रयोगामागे बिल नाही, बॅनरचा फोटो नाही. आपल्याकडचा कलावंत अर्ज करायला आळशी, आणि इंग्रजीतला फॉर्म बघून आणखी आळशी. इथे तुम्ही कामाला येता. ऑफिसात रोज प्रपोजल लिहिता ना? एखाद्या वहीगायकाचा फॉर्म भरून द्या. क्लायंट म्हणून तो तुमच्या बॉसपेक्षा नक्कीच बरा निघेल.

दुसरं दार उतारवयाचं. राजर्षी शाहू महाराज यांच्या नावाने चालणाऱ्या राज्याच्या योजनेत ज्येष्ठ साहित्यिक आणि कलावंतांना २०२४ पासून सरसकट दरमहा पाच हजार रुपये मानधन ठरलंय. वय साधारण पन्नाशीच्या पुढचं. एका जिल्ह्यात वर्षाला शंभर जणांची निवड. याचा हवामानाशी काय संबंध, असं वाटेल. आहे. नदीला आधी कुठपर्यंत पाणी असायचं, कोणत्या महिन्यात कोणतं गाणं म्हणायचे आणि तेव्हा शेतात काय उभं असायचं, हे सगळं या माणसांच्या गळ्यात आहे. ती माणसं जगली पाहिजेत, आणि कोणीतरी समोर बसून ऐकलं पाहिजे. मोबाइलचा रेकॉर्डर फुकट आहे.

बाकी, हा लेख लिहायला घेतल्यावर मी आमच्या जुन्या एनएसएसच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर विचारलं, की अरे, त्या वेळी मी नेमकं कोणतं झाड होतो? रात्री अकराला उत्तर आलं. पानं कापणारी मैत्रीण आता बंगळूरला असते. तिने लिहिलं, "गुलमोहर होतास तू. लाल क्रेप पेपर उरला होता म्हणून."

गुलमोहर! मूळचा मादागास्करचा. त्या गावाच्या शिवारात तेव्हा तो असेल असं मला तरी वाटत नाही.

ग्रुपवर तेव्हापासून चर्चा पेटलीय. येत्या डिसेंबरात दोन दिवस सुट्टी काढून त्याच गावात जायचं, नाटक न करता नुसतं फिरायचं, नाल्यावरचा आपला बांध अजून आहे का बघायचं, आणि शिवारातली झाडं विचारून लिहून घ्यायची. ते आजोबा आता नसतील बहुतेक. त्यांचं घर कोणतं ते नदीला आठवतंय, म्हणजे जी नदी झाली होती तिला. दारुडा म्हणतो, नाटक पुढच्या वर्षी बघू, आधी भरिताचं काय ते ठरवा.